ऊसनोंदीतील दुरुस्ती का पुसली जाते?



ऊसनोंद आता संगणकावर असते. पडद्यावर नोंद उघडली म्हणजे मूळ नोंद हाती आली असे नव्हे. हाती येते ती नक्कल. मूळ नोंद डेटाबेसमध्येच राहते.

समजा, एका प्लॉटची लागण १५ जुलैची, पण नोंद १५ ऑगस्टची पडली. गट ऑफिसातील क्लार्कने दुरुस्तीसाठी नोंद उघडली. त्याच वेळी क्षेत्र सुधारायला चिटबॉयनेही तीच उघडली. क्लार्कने तारीख बदलून जतन केली. मागाहून चिटबॉयने आपली नक्कल जतन केली. क्षेत्र सुधारले, पण तारीख पुन्हा ऑगस्ट! तोडणीची पाळी महिनाभर मागे.

उपाय म्हणून प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यावा. दोघांच्या नकला ७ क्रमांकाच्या. क्लार्कने जतन करताच मूळ नोंद ८ होते. मग चिटबॉयची ७ ची नक्कल संगणकाने नाकारावी व ‘नोंद बदलली आहे, पुन्हा उघडा’ असे सांगावे. नोंदीला कुलूप लावणे परवडत नाही. उघडणारा जेवायला गेला की सगळ्यांचे काम खोळंबते.

आम्ही सुचवितो की, दुरुस्ती सांगून थांबू नये. छापील पावती घ्यावी आणि हंगामापूर्वी तारीख, क्षेत्र, जात पुन्हा ताडून पाहावी.