रब्बी कांद्यास नत्रखत केव्हा व किती द्यावे

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, रब्बी कांद्याची लागण सामान्यतः डिसेंबर-जानेवारीत होते व एप्रिल-मे महिन्यांत कांदा काढणीस येतो. त्या सुमारास सगळीकडचा माल एकदमच बाजारात येत असल्याने भाव बहुधा उतरलेले असतात. म्हणून ज्यास शक्य असेल तो शेतकरी कांदा चाळीत भरून पावसाळ्यापर्यंत राखून ठेवतो. अशा कांद्याचे खरे उत्पन्न चाळीतून विक्रीस निघालेल्या मालावरूनच कळते. आणि माल टिकणे न टिकणे हे बऱ्याच अंशी नत्रखत देण्याच्या वेळेवर अवलंबून असते.

पिकाची वाढ : कांदा म्हणजे पानांच्या बुडांचे एकावर एक बसलेले मांसल थर होत. प्रारंभी रोपाचे बळ मुळे व पाने वाढविण्याकडे खर्च होते. या काळात नत्र अपुरे पडल्यास पात पिवळट व खुरटी राहते आणि कांदा लहान निपजतो. पुढे दिवस मोठा होऊन उष्णता वाढू लागली की नवीन पाने येणे मंदावते व पातीतील अन्नरस खाली उतरून कांदा पोसतो. शेवटी मान मऊ पडून पात आडवी होते व मानेचे तोंड मिटते.

लागणीनंतर ६० दिवस उलटल्यावर नत्र दिल्यास हा क्रम बिघडतो. पात हिरवीगार राहते, मान जाड होते, जोडकांद्यांचे प्रमाण वाढते व पीक तयार होण्यास उशीर लागतो. जाड मान नीट सुकत नाही. तिच्यातून रोगजंतू आत शिरून कांदा चाळीत सडतो.

खताचे प्रमाण : राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी आहे. एकरी हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

१. पूर्वमशागतीच्या वेळी : चांगले कुजलेले शेणखत ८ ते १० टन.
२. लागणीच्या वेळी : अमोनियम सल्फेट सुमारे ९७ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो व म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो.
३. लागणीनंतर ३० व ४५ दिवसांनी : प्रत्येक वेळी युरिया सुमारे २२ किलो.

अमोनियम सल्फेट व सुपर फॉस्फेट या दोन्ही खतांत गंधक असते. कांद्याचा तिखटपणा गंधकामुळेच येतो. वरीलप्रमाणे खते दिल्यास गंधक निराळे देण्याचे कारण उरत नाही. माती तपासून घेतली असल्यास तिच्या निष्कर्षाप्रमाणे प्रमाणात फेरफार करावा.

खत देण्याची रीत : तापीकाठच्या काळ्या जमिनींत चुन्याचा अंश बराच असतो. अशा जमिनीत युरिया वरच्यावर फेकून ठेवल्यास त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते. यासाठी तो वाफशावर देऊन मातीत मिसळावा व हलके पाणी द्यावे. कांद्याची मुळे उथळ असल्याने वाफे तुडुंब भरू नयेत. जादा पाण्याबरोबर नत्र मुळांच्या खाली निघून जाते. हलक्या जमिनीत हे नुकसान अधिक होते. स्फुरदही चुन्याशी बांधले जाते. म्हणून सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून लागणीपूर्वी मुळांच्या थरात घालावे.

काढणी : काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. निम्म्या माना पडल्या की कांदा काढून पातीसह शेतातच सुकवावा व नंतर मान सुमारे एक इंच राखून पात कापावी.

गावातील प्रयोग : उशिरा दिलेल्या युरियाने पात तजेलदार दिसते, म्हणून पुष्कळांस तो मोह आवरत नाही. त्यांची खात्री पटविण्यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच शेतात शेजारी-शेजारी दोन वाफे घ्यावेत. एकास ४५ दिवसांपर्यंतच नत्र द्यावे. दुसऱ्यास ७५ दिवसांनी आणखी एक हप्ता द्यावा. दोन्हींचा कांदा सारख्या वजनाने निरनिराळा साठवावा, दरमहा सडका माल काढून उरलेल्याचे वजन करावे व ते आकडे शेतकरी बंधूंसमोर लिहून ठेवावेत.