गुळणी टाकणाऱ्या बाळाला पाजण्याची आणि पारखण्याची कृती

बाळ प्यायलं, खांद्यावर घेतलं, ढेकर आला आणि ढेकराबरोबर दूधही आलं. लगेच घरात मतं सुरू होतात. दूध जड पडतंय, पचत नाही, कालचं वरण बाधलं, दूध पुरत नाही तर वरचं सुरू करा. ही सगळी बोलणी बाळंतिणीच्या कानावर पडतात, आणि ती आधीच रात्रंदिवस जागी असते. म्हणून मुद्द्याची गोष्ट आधी सांगते. गुळणी हा बहुतेक तान्ह्या बाळांच्या बाबतीत आजार नसतो. पहिल्या तीन महिन्यांत निम्म्याच्या आसपास बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमाराला हे सर्वांत जास्त असतं. बाळ बसू लागलं, वरचं खाऊ लागलं की ते उतरणीला लागतं आणि वर्षाच्या आतबाहेर बहुतेकांचं थांबतं.

कारण साधं आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचा एक गोल पट्टा असतो, तो अजून पुरता आवळायला शिकलेला नसतो. त्यात बाळाचं सगळं खाणं पातळ, आणि दिवसाचा बराचसा वेळ आडवं पडून. दुधाबरोबर गिळलेली हवा वर येताना थोडं दूध घेऊन येते.

पुढची कृती पूर्ण दिवसांच्या, जन्मवजन अडीच किलोच्या वर असलेल्या बाळासाठी आहे. लवकर जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं पाजणं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तसंच चालवावं.

जवळ ठेवायचं सामान: मऊ सुती फडकी (भरपूर), दिवसा वापरायला सुती लंगोट, एक वही, आणि दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड.

१. आधी डाग ओळखायला शिका

जुनं दुपटं पसरा आणि त्यावर घरातला लहान चमचाभर, म्हणजे साधारण 5 मिली, दूध ओता. डाग बघता बघता तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा पसरतो. आता बाळानं मघाशी भिजवलेलं फडकं त्याच्या शेजारी ठेवा. ‘सगळं प्यायलेलं काढून टाकलं’ असं जे वाटलं होतं, ते बहुधा चमचा-दोन चमचेच निघतं. आजीबाईंना हे समोर करून दाखवा. शंभर वेळा समजावण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

दूध फाटल्यासारखं, दह्याच्या कवड्यांसारखं आलं आणि त्याला आंबूस वास आला, तर घाबरू नका. जठरातल्या आम्लानं ते फाटलेलं असतं, म्हणजे पचन सुरू झालेलं असतं. आईचं दूध नासलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

२. बाहेर आलेलं सोडा, लंगोट मोजा

पोटात किती राहिलं याचा हिशेब लंगोटात असतो. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे ओले लंगोट वाढत जातात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. लघवी फिकट, पाण्यासारखी असावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर चालतो. नंतरही दिसत राहिला तर दूध कमी जातंय असं समजून पाजणं कोणाला तरी दाखवून घ्यावं.

शीचंही तसंच. सुरुवातीची काळी-हिरवी चिकट शी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट-तपकिरी होते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास मोहरीच्या रंगाची, पातळ, कणीदार होते. वहीत एवढंच लिहा: किती वेळा पाजलं, किती शू, किती शी. गुळण्या मोजू नका. त्या मोजायला लागलं की दर फडक्यागणिक जीव खालीवर होतो आणि हाती काही लागत नाही.

डायपर पटकन शोषून घेतो, त्यामुळे शू झाली की नाही हे नव्या आईला कळत नाही. पहिले आठ-दहा दिवस तरी दिवसा कापडी लंगोट बांधावेत, ते यासाठी.

३. वजन, पण रोज नाही

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं. 3 किलोचं बाळ 2 किलो 800 ग्रॅमवर आलं तर ते ठीक आहे. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर मात्र डॉक्टरांनी पाहायला हवं. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत यावं आणि मग दिवसाला 20 ते 30 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढावं. वजन आठवड्यातून एकदा, उघड्या अंगानं, त्याच एका काट्यावर करा. काटा बदलला की शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि घरभर रडारड होते.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बाळ बघायचं असतं. त्यांच्या पिशवीत वजनकाटा असतो. त्या आल्या की चहा नंतर द्या, आधी त्यांच्यासमोर बाळाला पाजा आणि त्यांना बघू द्या.

गुळणी टाकतंय, पण शू-शी नीट आहे, वजन चढतंय आणि बाळ चेहऱ्यानं समाधानी आहे: अशा बाळाला औषधाची गरज नसते. यापुढच्या पायऱ्या कपडे कमी धुवावे लागावेत म्हणून.

४. पकड

सगळ्या कृतीचा जीव या पायरीत आहे. गुळणीच्या तक्रारीमागे पुष्कळदा उथळ पकड असते. बाळ नुसतं बोंड चोखत राहतं, बाजूनं हवा ओढतं, आईची बोंडं चिरतात, दूध कमी निघतं आणि बाळ रडत राहतं.

बाळ रडण्याआधी घ्या. ते मूठ तोंडाशी नेतं, मान वळवून काहीतरी शोधतं, ओठ चाटतं. ही भुकेची वेळ. रडणं फार उशिरा येतं, आणि रडून लाल झालेलं बाळ घटाघटा हवा गिळतं. पहिल्या महिन्यात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतंच. पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी जेमतेम चमचा-दीड चमचा दूध मावतं, म्हणून तर सुरुवातीचं थोडंसं चीक दूध त्याला पुरतं.

पाठीला भक्कम टेकून बसा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला भिडलेलं असू द्या. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून प्यायला लागलं तर त्याला गिळता येत नाही. बोंड बाळाच्या नाकासमोर आणून वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभई द्यावी तसं तोंड मोठं उघडलं की त्याच क्षणी बाळाला छातीशी आणा. छाती बाळाकडे ओढू नका. पकड बरोबर बसली की हनुवटी छातीत रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर मुडपलेला असतो आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूला जवळजवळ दिसेनासा होतो. गाल फुगलेले राहतात, आत खळी पडत नाही. दोन-तीन वेळा चोखून एक घोट गिळल्याचा हलका आवाज येतो. चटक-चटक आवाज येत असेल तर हवा जातेय. हिरडीच्या कडेनं करंगळी तोंडात घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. पहिल्या आठवड्यात असं पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्यात आईचं काही चुकत नाही. दोघंही शिकत असतात.

काही आयांना पान्हा जोरात फुटतो. बाळ ठसकतं, खोकतं, मध्येच सोडून रडतं आणि नंतर बरंच दूध टाकतं. अशा वेळी मागे रेलून, बाळ छातीवर पालथं घेऊन पाजा, म्हणजे दुधाला वर चढावं लागतं आणि जोर कमी होतो. किंवा पान्हा फुटताच पहिली धार फडक्यात जाऊ द्या. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरी देऊ नका.

५. ढेकर

अंगावर पिणाऱ्या बाळाचा बाजू बदलताना आणि शेवटी ढेकर काढा. खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवा, किंवा मांडीवर बसवून एका हातानं जबडा आणि छाती सावरा (गळा नाही) आणि किंचित पुढे झुकवा. जोरानं थोपटण्याची गरज नसते. पाच-सात मिनिटांत नाही आला तर नाही आला. पकड चांगली असली तर हवाच कमी जाते.

६. पाजल्यावरचा अर्धा तास

लंगोट पाजण्याआधी बदला. पाजून झाल्यावर पाय वर उचलले की भरलेलं पोट दाबलं जातं. लंगोटाची नाडी पोटावर दोन बोटं सहज शिरतील इतपत सैल ठेवा. बाळाला आवळून गुंडाळतानाही हेच. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं कोणाच्या तरी अंगावर उभं धरा. इथे आजोबा, काका, बाबा या सगळ्यांना काम आहे. बाळंतिणीनं तेवढी पाठ टेकावी.

आपल्याकडे सकाळी पाजतात आणि बाई मालिश-अंघोळीला लगेच बाळ घेते. क्रम उलटा करा: आधी मालिश, मग अंघोळ, मग दूध. वेळ बदलता येत नसेल, तर पाजल्यावर तासभर जाऊ द्या. धुरीही बंद करा. धुरानं बाळाच्या श्वासनलिकेला त्रास होतो आणि खोकता खोकता ते दूध टाकतं.

झोपवायचं उताणं, सपाट, घट्ट गादीवर. उताणं झोपल्यावर दूध श्वासात जाईल ही भीती घराघरात असते. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच परततं. पालथं किंवा कुशीवर झोपवल्यानं झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. डोक्याखाली उशी, मोहरीची असो वा कापसाची, झोपताना नको. पाळण्याची डोक्याकडची बाजू उंच करू नका. बाळ घसरून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो.

७. वरचं दूध लागलंच तर

डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. डब्यावर लिहिलेल्या मापानंच मिसळा. पुरवायला म्हणून पाणी जास्त घातलेलं दूध पोट भरतं, पण बाळ पोसत नाही. पहिल्या आठवड्यानंतर साधारण हिशेब वजनाच्या दर किलोला दिवसाला 150 मिली. 3 किलोच्या बाळाला 450 मिली, आठ वेळांत वाटलं तर प्रत्येक वेळी पंचावन्नच्या आसपास. शेजारचं बाळ नव्वद पितं म्हणून आपल्या बाळाला नव्वद पाजलं, तर वरचे पस्तीस फडक्यावर येणारच. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, उकळवायला सोपा. बोंडल्यानं पाजताना बाळ अर्धवट बसतं धरा आणि गालाच्या कडेनं थोडं थोडं द्या. झोपवून घशात ओतू नका.

मध, गुटी, पाणी, ग्राइप वॉटर यांतलं काहीही देऊ नका. मधातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो, वर्षाच्या आत तो चाटवायचाही नाही. आईनंही गुळणीसाठी वरण-भात, भाज्या, फळं सोडू नयेत. तिनं पोटभर जेवावं.

दूध नाकातून आलं तर

बाळ खोकत किंवा रडत असेल, तर श्वास चालू आहे. कुशीवर वळवा, तोंड-नाक पुसा. नाकात फुंकर मारू नका, पायाला धरून उलटं करू नका. आवाज बंद झाला, अंग निळसर पडू लागलं, तर हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि तळहाताच्या टाचेनं दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. मोकळं होईपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. बाळ निपचित पडलं तर श्वास देऊन जीवनसंजीवनी (सीपीआर) सुरू करावी लागते. तोवर दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा.

यात वाट पाहायची नाही

हिरवी उलटी. पिवळट नाही, पानासारखी हिरवी. आतड्याला पीळ पडला असेल तर तासांचा प्रश्न असतो, म्हणून रात्र असली तरी निघायचं. तसंच रक्त (आईची बोंडं चिरली असतील तर ते आईचंही असू शकतं, पण ठरवू द्या डॉक्टरांना), फुगून ताठ झालेलं पोट, 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, खोल गेलेली टाळू, सहा-आठ तास कोरा लंगोट, आणि उठवूनही न पिणारं सुस्त बाळ.

एक आजार घरच्यांनी ओळखावा असा आहे. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होतो आणि दूध पुढे जात नाही. आधी साधी गुळणी वाटते. मग दिवसागणिक जोर वाढतो आणि उलटी कारंज्यासारखी हातभर लांब जाऊन पडते. विशेष म्हणजे उलटी झाल्याबरोबर बाळ पुन्हा भुकेनं तोंड मारतं. वजन थांबतं, लंगोट कमी होतात. सोनोग्राफीत हे दिसतं, छोट्या शस्त्रक्रियेनं पूर्ण बरं होतं.

दवाखान्यात जाताना वही, वजनाचं कार्ड आणि उलटी झालेलं फडकं न धुता पिशवीत घालून न्या. रंग डॉक्टरांना डोळ्यांनी दिसायला हवा. जमलं तर घरी पाजतानाचा आणि उलटीचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा. तपासणीच्या टेबलावर बाळ नेमकं शांत झोपलेलं असतं.