रंग आणि उजेड

मुलांनो, घराला रंग द्यायचा ठरले की चर्चा सुरू होते. कुणाला निळा हवा, कुणाला गुलाबी. अशा वेळी फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची गोष्ट आठवा.

तरुणपणी मोने यांच्या चित्रांत गडद रंग असत. पुढे ते उघड्यावर बसून चित्रे काढू लागले. उजेड बदलला की रंगही बदलतो, हे त्यांनी पाहिले. १८९०-९१ मध्ये त्यांनी शेतातील गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या. सकाळची गंजी वेगळी, संध्याकाळची वेगळी, बर्फातली आणखी वेगळी!

जिव्हेर्नी गावातल्या आपल्या घरातही त्यांनी असेच मोकळे रंग दिले. जेवणाची खोली पिवळी, स्वयंपाकघर निळे. आजही लोक ते घर पाहायला जातात आणि ते रंग मनात घेऊन परततात.

१९१२ मध्ये त्यांना मोतीबिंदू असल्याचे कळले. हळूहळू त्यांची चित्रे तांबूस, तपकिरी होत गेली. रंग नीट दिसेना, म्हणून ते नळीवरचे नाव वाचून रंग घेत. १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. मग निळा रंग त्यांना पुन्हा दिसू लागला.

म्हणून केवळ नमुना पाहून रंग निवडू नका. भिंतीच्या कोपऱ्यात थोडा लावा. तो दिवसा पाहा, रात्री दिव्याच्या उजेडातही पाहा. अंधाऱ्या खोलीला फिका रंग द्या.

आणि तुमच्या दादीला निळा धागा काळा वाटला, तर हसू नका. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.