मुक्या जिवाची अमानत

परसातील कोंबडीने दाणा सोडला, तिला हिरवी हगवण लागली, मान वाकडी झाली, की घरात घाई सुरू होते: मुरदार होण्यापूर्वी तिला जिबह करा! मुरदार हराम आहे, यात शंका नाही (सूरह माइदा, आयत 3). परंतु अन्न हलाल असावे, तसेच ते तय्यब, म्हणजे शुद्ध व हितकर असावे, अशीही कुरआनची आज्ञा आहे (सूरह बकरा, आयत 168). सुरी फिरविल्याने रोग जात नाही.

ही लक्षणे मानमोडीची, अर्थात राणीखेत रोगाची असू शकतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही. वेळीच दिलेली लस हेच संरक्षण. तरीही आजारी कोंबडीला वेगळे ठेवा, ऊब द्या, चोचीजवळ स्वच्छ पाणी ठेवा, हात धुवा आणि पशुवैद्यकांना दाखवा. एकाएकी अनेक कोंबड्या दगावल्यास त्यांना स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा.

तहानलेल्या कुत्र्यास पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (बुखारी). आशाच उरली नसेल, तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने तिच्या वेदना संपवाव्यात. जिबह करताना सुरी धारदार असावी, हीही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे (मुस्लिम). कोंबडी आपले भोजन होण्याआधी आपल्याकडे सोपविलेली अमानत असते.