वजाबाकी शिकविताना

वजाबाकी म्हणजे ‘काढून टाकणे’ एवढाच अर्थ बालमनावर ठसविला जातो. हा अर्थ खरा असला तरी अपुरा आहे. भाटघरचे धरण १९२८ साली पूर्ण झाले आणि भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. मध्ये किती वर्षे गेली? येथे कोणी काही काढून नेलेले नाही, तरीही वजाबाकीच करावी लागते. काढणे, फरक पाहणे आणि ‘अजून किती हवे’ हे शोधणे, ही वजाबाकीची तीन अंगे आहेत.

५२ मधून २७ वजा करताना पुष्कळ मुले ३५ हे उत्तर लिहितात. हा आळस नव्हे. ‘मोठ्यातून लहान वजा करावे’ हे ऐकलेले वाक्य ती इमानाने पाळतात आणि सातातून दोन काढतात. अशा मुलास नुसती फुली मिळाली, की ‘गणित आपले नव्हे’ ही समजूत तेथेच रुजते. म्हणून उत्तर तपासण्यापूर्वी ‘तू हे कसे केलेस?’ असे विचारणे अगत्याचे आहे.

पहिली रीत काड्यांच्या जुड्यांची. भोर-वेल्ह्याच्या (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) भातशेतीच्या मुलखात मुलांना पेंढ्या बांधणे-सोडणे नवे नाही. दहादहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या घ्याव्यात. एक जुडी सोडली की चार जुड्या व बारा सुट्या होतात. सात सुट्या व दोन जुड्या काढल्या की पंचवीस उरतात. ‘हातचा’ कोठून आला हे डोळ्यांना दिसते.

दुसरी रीत दुकानदाराची. तो सुटे परत देताना पुढे मोजतो : २७ चे ३० व्हायला तीन, ३० चे ५० व्हायला वीस, वर दोन, एकूण पंचवीस.

तिसरी रीत दोन्ही संख्या सारख्याच वाढविण्याची किंवा घटविण्याची. दोन बहिणींच्या वयांतील अंतर वर्षे लोटली तरी बदलत नाही. म्हणून ५२ व २७ यांऐवजी ५५ व ३० घ्यावेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) दहा हजारांतून ३६० वजा करण्याचे उदाहरण आहे. दोन्हींतून एकेक कमी केला की ९९९९ मधून ३५९ वजा करायचे राहतात. हातच्याविना ९६४० हे उत्तर येते.

आपल्या भाषेतही वजाबाकी मुरलेली आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणे; पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाव शेकडा उणा. मात्र ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी उच्चारायचा आणि लिहिताना पाच आधी मांडायचा, यात लहान मूल गोंधळते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा धर्तीचे वाचन सुचविले, तेव्हा मोठा वाद झाला. पक्ष कोणताही असो, मुलाची अडचण खरी होती. बोललेली आणि लिहिलेली संख्या शेजारी ठेवून दाखविल्यास ती बरीच हलकी होते.

तिन्ही रीती एकाच दिवशी शिकवू नयेत. आधी जुड्या, मग पुढे मोजणे, शेवटी सारखी वाढ, हा क्रम सोयीचा. एकाच वर्गात दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या डोंगरी शाळेतील शिक्षकास काड्या परवडतात. त्या शाळेच्या अंगणातच मिळतात. आपल्यापैकी जे उद्या शिक्षक होतील, त्यांनी गणिताला भिऊ नये. एका रीतीने अडलेल्या मुलास दुसरी वाट दाखविता आली, तरी मोठे काम झाले.