स्वतंत्र यंत्रें आणि त्यांचा करार

आपल्या करावे गावाच्या परिसरांत मासळी घेणारें गिऱ्हाईक पुष्कळदां रोख पैसे न देतां विक्रेतीच्या टोपलीजवळील छापील क्यूआर कोडासमोर मोबाईल धरतें आणि क्षणार्धांत पैसे पोंचतात. गिऱ्हाइकाचें ॲप एका कंपनीचें, त्याचें खातें एका बँकेंत आणि विक्रेतीचें दुसऱ्या बँकेंत असतें. हे तिन्ही भाग निरनिराळ्या लोकांनीं रचिलेले असून प्रत्येक जण आपला भाग आपल्या सोयीनें बदलीत असतो. तरीही व्यवहार मोडत नाहीं, हें कसें?

याचें उत्तर करारांत आहे. मुंबईंतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेनें २०१६ सालीं यूपीआय ही पद्धति सुरू केली. बँकेनें आपल्या खातेवह्या कशा ठेवाव्या हें तींत सांगितलेलें नाहीं. परस्परांस पाठवावयाच्या संदेशांत कोणते रकाने असावेत व त्यांचा अर्थ काय, एवढेंच ठरविलें आहे. म्हणून बँकेनें आपली अंतर्गत रचना पालटली तरी ॲपास त्याची वार्ताहि नसते.

असा करार टिकण्यास तीन नियम पाळावे लागतात. पहिला, नवा रकाना ऐच्छिक असावा व जुन्याचा अर्थ बदलूं नये. २०१८ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सही केलेल्या कोडाची सोय झाली. परंतु जुने छापील कागद निरुपयोगी झाले नाहींत. याउलट, रुपयांच्या रकान्यांत कोणी न सांगतां पैसे लिहूं लागलें, तर ५०० रुपयांच्या मासळीची किंमत ५०,००० होईल! दुसरा, संदेशावर आवृत्तीचा अंक असावा, म्हणजे तो कोणत्या नियमानें वाचावा हें घेणाऱ्यास कळतें. तिसरा, प्रत्येक व्यवहारास स्वतःचा क्रमांक असावा. उत्तरास विलंब झाल्यास त्याच क्रमांकानें चौकशी करितां येते, आणि तोच व्यवहार नवा समजून पैसे दोनदां कापले जाण्याचा धोका टळतो.

तुमच्यापैकीं जे पुढें प्रोग्रॅम लिहितील, त्यांनीं प्रथम शेजारच्या यंत्राशीं होणारा करार लिहून काढावा. तो बदलणें भागच पडलें, तर आगाऊ सूचना द्यावी आणि कांहीं काळ जुनी व नवी अशा दोन्ही रीती चालू ठेवाव्या. टोपलीशेजारीं बसलेल्या बाईस हा बदल जाणवूंहि नये, आणि तिचे कष्टाचे पैसे बिनचूक पोंचावे, हीच अशा कराराची खरी परीक्षा होय.