तांबडी वाइन बाटलीत मुरते काय?

लोणचे मुरले म्हणजे त्याला चव येते, तांदूळ जुना झाला म्हणजे भात मोकळा होतो, आणि आसवे व अरिष्टे जुनी होतील तसतशी अधिक गुणकारी ठरतात असे आयुर्वेदाचे ग्रंथ सांगतात. या अनुभवांवरून द्राक्षांची तांबडी वाइनही जितकी जुनी तितकी चांगली, असा समज रूढ झाला आहे. तो थोड्याच वाइनच्या बाबतीत खरा आहे. स्वस्त तांबडी वाइन बहुधा वर्षा-दोन वर्षांत संपावी अशाच बेताने तयार केलेली असते. ती किती काळ चांगली राहील, हे बाटलीवरील सालापेक्षा बाटली कोठे ठेवली आहे यावर अधिक अवलंबून असते. नाशिककडील अशी एक बाटली रायपुरातील एखाद्या कुटुंबाने पुढील समारंभासाठी कपाटात जपून ठेवली, तर तिचे काय होईल, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

बाटलीतील घडामोडी

वाइनमध्ये पाण्याखालोखाल मद्यार्क असतो. त्याचे प्रमाण सामान्यतः १२ ते १४ टक्के असते. उरलेल्या अल्प भागात अम्ले, ग्लिसरीन, क्षार आणि गंधद्रव्ये येतात. तांबड्या वाइनमध्ये यांखेरीज द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेले दोन महत्त्वाचे पदार्थ असतात. अँथोसायनिनांमुळे तिला रंग येतो, तर टॅनिनांमुळे तुरटपणा येतो. कडक चहा प्यायल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, ती याच जातीच्या पदार्थांमुळे.

काळ जातो तसे हे रेणू परस्परांना जोडले जाऊन मोठे होतात. जांभळट रंग हळूहळू विटकरी होतो, तुरटपणा सौम्य होतो आणि अतिमोठे झालेले रेणू गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. ताज्या फळाचा वास ओसरतो व त्याच्या जागी अधिक गुंतागुंतीचे गंध येतात. यालाच मुरणे म्हणतात.

या क्रियेत प्राणवायूचा वाटा मोठा असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने बंद काचनळ्यांत वाइन ठेवून प्रयोग केले. काही नळ्या काठोकाठ भरल्या होत्या, तर काहींत हवा राहू दिली होती. हवा असलेल्या नळ्यांत रंग बदलून गाळ बसला. वाइनविषयीचा त्याचा ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध झाला. परंतु प्राणवायू प्रमाणाबाहेर गेला, तर मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड बनते आणि वाइनला चिरून ठेवलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदासारखा वास येतो. हे टाळण्यासाठी बाटलीत भरताना थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात. हा रक्षक मात्र दिवसेंदिवस खर्च होत जातो.

स्वस्त वाइनची मर्यादा

दीर्घकाळ मुरण्यासाठी वाइनजवळ टॅनिन, अम्ल आणि फळाचा अर्क यांचा भरपूर साठा असावा लागतो. स्वस्त वाइनसाठी वेलीवर पीक अधिक घेतात, त्यामुळे रसाचा कस कमी भरतो. साली रसात थोडेच दिवस ठेवतात, म्हणजे वाइन लगेच पिण्याजोगी मऊ होते. ओक लाकडाच्या पिंपांत ती सहसा ठेवली जात नाही. उष्ण प्रदेशात पिकताना द्राक्षातील मॅलिक अम्लही बरेचसे खर्ची पडते. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी करून द्राक्षे उन्हाळ्यापूर्वी काढण्याची पद्धत आहे. तरीही युरोपातील थंड प्रदेशांशी या हवामानाची बरोबरी होत नाही. शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरात वाइनचे अनेक कारखाने निघाले. तेथील स्वस्त तांबड्या वाइनचा खरा गुण म्हणजे फळाचा ताजेपणा, आणि बाटलीत प्रथम नाहीसा होतो तोच.

रायपूरचा उन्हाळा

वाइन साठवण्यास १२ ते १५ अंश सेल्सियस तापमान योग्य मानतात. रायपुरात मे महिन्यातील दुपारचे सरासरी तापमान ४२ अंशांच्या आसपास असते आणि पारा ४५ च्याही वर जातो. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. म्हणजे १५ अंशांवर जी क्रिया वर्षभर चालेल, ती ३५ अंशांच्या खोलीत तीन महिन्यांतच पुरी होईल.

तर मग उन्हाळ्याने वाइन लवकर मुरली, असे का म्हणू नये? कारण सर्व क्रिया सारख्याच प्रमाणात वेगावत नाहीत. भडक आचेवर भाकरी लवकर भाजत नाही. ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. तसेच येथे घडते. रंग तपकिरी होतो, फळाचा वास शिजवलेल्या मुरंब्यासारखा होतो. मुरल्याची गोलाई मात्र येत नाही. शिवाय तापल्याने द्रव प्रसरण पावतो. २० अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास ७५० मिलिलिटर वाइन सुमारे पाच मिलिलिटरने फुगते, बूच वर ढकलले जाते आणि थंड होताना आत हवा ओढली जाण्याचा संभव निर्माण होतो.

एक साधा प्रयोग

एकाच खेपेच्या दोन बाटल्या मार्चमध्ये घ्याव्यात. एक शीतकपाटात आणि दुसरी खोलीतील कपाटात ठेवावी. जुलैमध्ये दोन्हींतील वाइन काचेच्या पेल्यांत थोडी थोडी ओतावी आणि पेले पांढऱ्या कागदावर तिरपे धरून कडेचा रंग पाहावा. एकीची कडा जांभळट-तांबडी, तर दुसरीची विटकरी वा तपकिरी दिसेल. वासातील फरकही लपून राहणार नाही.

यावरून व्यवहाराचा नियम सहज निघतो. अशी वाइन पावसाळ्यानंतर घ्यावी आणि पुढील उन्हाळ्यापूर्वी संपवावी. ठेवणे भागच असेल, तर घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या जागी, चुलीपासून दूर ठेवावी. बूच असलेली बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच सुकत नाही. शीतकपाटात काही महिने ठेवण्यास फिरकीच्या झाकणाची बाटली अधिक सोयीची. जपून ठेवल्याने प्रत्येक वस्तूचे मोल वाढते असे नाही. ज्या वाइनचे सारे मोल ताजेपणात आहे, तिच्या बाबतीत थांबणे म्हणजे ते मोल गमावणे होय.